विकू, थांबू, की आणखी टाकू?

पत्र थोडक्यात : वाचक ५२ वर्षांचे, छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सुपरवायझर. मूळ गाव लातूरकडचं. गेल्या वर्षी वडिलोपार्जित जमीन विकली, त्यात त्यांच्या वाट्याला २२ लाख आले. ३ लाख घराच्या डागडुजीला गेले. उरलेले १९ लाख पुण्याच्या मेहुण्याच्या सांगण्यावरून सप्टेंबर २०२४ मध्ये एकरकमी गुंतवले. त्यातले १४ लाख एका स्मॉलकॅप (लहान कंपन्यांच्या शेअर्सच्या) फंडात आणि ५ लाख सहा कंपन्यांच्या शेअर्समध्ये. सहापैकी चार कंपन्या वाहनांच्या सुट्या भागांच्या. शिवाय २०२१ पासून निर्देशांक फंडात (सेन्सेक्ससारख्या निर्देशांकातल्याच कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडात) महिना १२ हजारांची एसआयपी आहे, तिचे आज सात लाखांच्या आसपास होतात. ७ एप्रिल २०२५ ला फंडाचे १४ लाख १०.९ लाखांवर आले, शेअर्सचे ५ लाख ३.४ लाखांवर. बचत खात्यात ४० हजार. महिन्याचा खर्च ३८ हजार. मुलगी यंदा बारावीत जाते, पुढच्या पावसाळ्यात इंजिनीअरिंगला प्रवेश, वसतिगृहासह वर्षाला अडीच लाख धरलेत. पत्नीला तोट्याचा पत्ता नाही. प्रश्न असा : "सगळं विकून एफडी करू आणि बाजार स्थिर झाला की परत येऊ? मेहुणा म्हणतो थांबा, बाजार शेवटी वरच जातो. कंपनीतला मित्र म्हणतो ऑप्शनमध्ये तोटा भरून काढू. गावची पतसंस्था ११ टक्के देते. झोप उडाली आहे. वडिलांची जमीन मी बुडवली का?"

नमस्कार.

तुमचं पत्र ७ एप्रिलच्या रात्री साडेअकराला आलं. त्या दिवशी सेन्सेक्स एका टप्प्यावर ३,९०० अंकांच्या आसपास खाली गेला होता आणि अखेर २,२२६ अंक गमावून ७३,१३७ वर बंद झाला. अमेरिकेच्या आयात शुल्काच्या घोषणेनं जगभरचे बाजार ढवळून निघाले होते. आज, दोन आठवड्यांनी, हे लिहीत असताना सेन्सेक्स ७९ हजारांच्या वर आहे. मधल्या काळात अमेरिकेनं बहुतेक देशांवरचं वाढीव शुल्क ९० दिवस पुढे ढकललं. रद्द नाही केलं, पुढे ढकललं.

म्हणून आधी एक विचारते. त्या रात्री छातीवर जे दडपण होतं ते आज आहे का? बहुतेक निम्मं उतरलं असेल. फंडाचा आकडा माझ्या अंदाजानं १२ लाखांच्या आसपास आला असेल, आणि "बरं झालं विकलं नाही" असं वाटत असेल. मला काळजी आहे ती याच हायसं वाटण्याची. तुमच्या पत्रातली खरी अडचण बाजाराच्या पडण्यातून आलेलीच नाही, त्यामुळे बाजार चढल्यानं ती सुटलेलीही नाही. मुलीची फी जिथे ७ एप्रिलला होती तिथेच आज आहे, स्मॉलकॅप फंडात.

आता तुमच्या "बाजार स्थिर झाला की परत येऊ" या वाक्याबद्दल. हे वाक्य मी चांगलं ओळखते, कारण मी ते स्वतःला म्हणून घेतलं आहे. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्याही खाली उतरला होता. मी एसआयपी बंद केली. मनाशी ठरवलं, लोकसभेची निवडणूक होऊ दे, सरकार कुणाचं येतं ते कळू दे, मग बघू. निकाल शनिवारी लागले. सोमवारी, १८ मे २००९ ला, बाजार उघडल्या उघडल्या वरच्या सर्किटला (एका दिवसात चढायच्या मर्यादेला) धडकला आणि सेन्सेक्सनं २,११० अंकांची, म्हणजे १७ टक्क्यांची उडी मारली. व्यवहार जेमतेम काही मिनिटं झाले, मग दिवसभरासाठी बंद. मी चहाचा कप हातात धरून टीव्हीपुढे बसले होते. स्थैर्य आलं होतं, पण त्याची किंमत आधीच लागून गेली होती. मग वाटलं, आता एवढं वर गेलंय, जरा खाली आलं की शिरू. त्या 'जरा खाली' साठी मी आणखी सात महिने थांबले.

बाजार स्थिर झाल्याची दवंडी कुणी पिटत नाही. सगळं शांत झालंय असं ज्या दिवशी वाटतं तो दिवस बऱ्याचदा भाव चढल्यानंतरचा असतो. तुमच्याच बाबतीत बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये तुम्हाला बाजार कसा वाटला होता? सेन्सेक्स तेव्हा ८५ हजारांच्या वर, विक्रमी पातळीवर होता. स्थिर, छान, सगळे कमावताहेत, असंच ना? तेव्हाच तुम्ही १९ लाख घातले.

मेहुण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. अर्ध्या खऱ्या सल्ल्याची पंचाईत अशी की तो देणाऱ्याला पूर्ण लागू पडतो आणि घेणाऱ्याला अर्धाच. "शेवटी वरच जातो" यातला 'शेवटी' केव्हा? मार्च २०२० मध्ये कोसळलेला बाजार त्याच वर्षी दिवाळीच्या आत-बाहेर जुन्या उंचीला पोचला. जानेवारी २००८ च्या उंचीला मात्र तो २०१० च्या दिवाळीत शिवून आला, पुन्हा घसरला आणि तिच्यावर टिकून राहायला २०१३ संपत आलं. ही गोष्ट मोठ्या कंपन्यांची. लहान कंपन्यांचा निर्देशांक जानेवारी २०१८ पासून मार्च २०२० पर्यंत निम्म्याहून जास्त खाली गेला आणि त्याला जुनी पातळी २०२१ च्या मध्याला दिसली. मेहुणा चाळिशीच्या आतला असेल, पगार मोठा असेल, तर साडेतीन वर्षं थांबणं त्याच्यासाठी कंटाळवाणं आहे, एवढंच. तुमच्या मुलीला पंधरा महिन्यांनी प्रवेश घ्यायचा आहे.

तुम्ही लातूरकडचे आहात म्हणून तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं होतं. त्यानंतर किती घरांत पोती थप्पीला लागली? पुन्हा दहा होईल, बारा होईल म्हणून. २०२४-२५ मध्ये हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात तोही मिळाला नाही. माल घरात ठेवणारे सगळेच चुकले असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे दुसरा पैसा होता त्यानं थांबून बघायला हरकत नव्हती. अडचणीत आला तो जूनमध्ये बी-बियाण्याला, खताला पैसे लागणारा, ज्यानं तरीही सगळीच पोती ठेवली. भाव पडला म्हणून तो बुडाला नाही, पेरणी आली आणि त्याला पडत्या भावात विकावं लागलं म्हणून बुडाला.

तुमचं तेच झालंय. "विकू की थांबू" हा प्रश्न तुम्ही सगळ्या रकमेला मिळून एकदाच विचारताय, म्हणून त्याचं उत्तर सापडत नाही. अडीच लाखांना जुलै २०२६ ही तारीख आहे. पुढच्या अडीच लाखांना जुलै २०२७. काही रकमेला तुमच्या निवृत्तीचं साल आहे, अजून सहा वर्षं लांब. आणि काही रकमेला तारीखच नाही, ती उद्याही लागू शकते. या शेवटच्या रकमेविषयी तुमच्या पत्रात एक ओळ नाही, आणि मला सगळ्यात जास्त धास्ती तिचीच आहे.

तुम्ही वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहात. अमेरिकेनं २०२५ मध्ये वाहनांवर आणि सुट्या भागांवर २५ टक्के शुल्क लावलं, सुट्या भागांसाठी ते ३ मे २०२५ पासून लागू व्हायचं ठरलं. तुमच्या कंपनीचा माल तिकडे जातो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जात असेल तर पाळ्या कमी होणं, ओव्हरटाइम जाणं, कंत्राटी माणसं कमी करणं यातलं काही तरी तुमच्या कानावर आलंच असेल. आता शेअर्सकडे बघा. सहापैकी चार कंपन्या याच धंद्यातल्या. "ओळखीचं क्षेत्र म्हणून घेतले" असं तुम्ही म्हणता. ओळख कामाची असते, नाकारत नाही. पण तुमचा पगार याच धंद्यातून येतो. धंदा आजारी पडला तर पगार, बोनस आणि शेअर तिन्ही एकाच दिवशी अंथरूण धरणार, आणि खात्यात ४० हजार, म्हणजे महिनाभराचा किराणा-वीजबिल. विहिरीचं पाणी आटलं तर बोअरचं असावं, म्हणून माणूस बोअर दुसऱ्या जागी पाडतो. तुम्ही विहिरीतच पाडलीय.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. माझा फंडाचा आकडा अंदाजाचा आहे, तुमचा ताजा आकडा घालून बघा.

सुट्या भागांचे चारही शेअर विकले असते. त्या कंपन्या वाईट आहेत म्हणून नाही, त्या तुमच्या पगाराच्या सख्ख्या बहिणी आहेत म्हणून. त्यातून अडीच लाखांच्या आत-बाहेर येतील. स्मॉलकॅप फंडातून ५ लाख काढले असते. झाले साधारण साडेसात. यातले सव्वादोन-अडीच लाख सहा महिन्यांचा घरखर्च म्हणून लिक्विड फंडात (अल्प मुदतीच्या रोख्यांच्या फंडात) किंवा अशा ठेवीत, जी एका दिवसात मोडता येते. उरलेल्या पाच लाखांच्या दोन एफडी. एक जून २०२६ ला मुदत संपणारी, दुसरी जून २०२७ ला. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी आणि एप्रिल २०२५ मध्ये रेपो दर (ज्या दरानं ती बँकांना पैसे देते) कमी करून ६ टक्क्यांवर आणला, ठेवींचे दर मागोमाग उतरतात, तेव्हा फार रेंगाळू नका. तिसऱ्या वर्षाच्या फीचे पैसे पुढच्या उन्हाळ्यात असेच बाजूला काढायचे, चौथ्या वर्षाचे त्याच्या पुढच्या. म्हणजे दोन वर्षांच्या आत लागणारा एकही रुपया शेअर बाजारात नसेल.

"म्हणजे तोट्यात विकू?" हो. इथे तुमचा हात अडखळेल. सगळ्यांचाच अडखळतो. घरात पैसा लागला की आपण नफ्यातलं विकतो, कारण त्यात आपण शहाणे ठरलेले असतो. तोट्यातलं धरून ठेवतो, कारण विकलं की चूक पक्की होते. तुम्हीही पत्रात एके ठिकाणी लिहिलंय की फीसाठी वेळ पडली तर एसआयपी मोडीन. तुमच्या सगळ्या पसाऱ्यात तेवढा निर्देशांक फंडच काय तो नीट, पसरलेला आणि सवयीनं उभा राहिलेला आहे. त्याला हात लावू नका. तुम्ही कितीला घेतलं होतं हे फंडाला माहीत नसतं. आज हातात १२ लाख रोख असते, तर मुलीची फी डोळ्यासमोर असताना ते सगळे स्मॉलकॅपमध्ये घातले असते का? नाही ना. मग ठेवायचे तरी का?

फंडाला सप्टेंबरपर्यंत वर्ष होत नाही. त्यामुळे बहुतेक १ टक्का एक्झिट लोड (लवकर पैसे काढण्याचं शुल्क) जाईल, ५ लाखांवर ५ हजार. ते वाचवायला पाच महिने फी टांगणीला ठेवू नका. उलट या विक्रीतला पावणेदोन लाखांच्या आसपासचा तोटा अल्प मुदतीचा धरला जातो. तो शेअर-फंडांच्या अल्प आणि दीर्घ, दोन्ही मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो आणि आठ वर्षं पुढे ओढता येतो. अट एकच, विवरणपत्र मुदतीत भरलेलं हवं. कंपनी टीडीएस कापते म्हणून पुष्कळ जण ते शेवटच्या तारखेनंतर कधी तरी भरतात. तुम्ही तसं करू नका.

फीवरून आठवलं. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या मुलींना राज्य सरकारनं जुलै २०२४ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, अशी अट आहे. तुमचा प्रवर्ग आणि उत्पन्न पत्रात नाही. बसत असाल तर दाखल्यांची जुळवाजुळव आत्तापासून करा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसीलला किती रांग असते ते तुम्ही जाणताच. मात्र हिशेब माफी मिळणार नाही असं धरूनच मांडा. मिळाली तर पैसे निवृत्तीच्या बाजूला सरकवता येतील.

एसआयपी चालू ठेवायची का? नोकरीला धक्का नसेल तर हो, जशी आहे तशी. पडत्या बाजारात त्याच १२ हजारांत जास्त युनिट्स येतात, तिचा उपयोगच तिथे आहे. पण ओव्हरटाइम गेला आणि ओढाताण व्हायला लागली तर ती ५ हजारांवर आणा, लाज वाटून घेऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये देशात नव्यानं सुरू झालेल्या एसआयपींपेक्षा बंद झालेल्या एसआयपींची संख्या मोठी निघाली. त्यात जुन्या नोंदींची साफसफाईही होती, तरी भीतीनं बंद केलेल्याही थोड्या नसतील. भीतीनं बंद करणं वेगळं आणि किराण्यासाठी कमी करणं वेगळं. फंडात उरलेले सातेक लाखसुद्धा तुमच्या वयाला मला जास्तच वाटतात. वर्ष पूर्ण झाल्यावर त्यातले निम्मे हळूहळू निर्देशांक फंडाकडे वळवायचा विचार करा. त्याची घाई नाही.

आणखी टाकून सरासरी खाली आणायची का, हा प्रश्न राहतो. कशातून टाकणार? खात्यात ४० हजार आहेत.

आता मित्र. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत ठरलेल्या भावानं शेअर घेण्या-विकण्याचा विकत घेतलेला हक्क. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये वायदे आणि ऑप्शनमधल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांचा तीन वर्षांचा हिशेब जाहीर केला. त्यातले ९३ टक्के तोट्यात होते. सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुमचा मित्र उरलेल्या सातात असेलही. मग तो पाळीची नोकरी का करतो, हे त्याला प्रेमानं विचारा. ऑप्शन हे मुळात असलेल्या मालाचा विमा उतरवण्याचं साधन आहे, पण तुमच्यासारख्या सहा शेअर आणि एका फंडाच्या धन्याला त्या विम्याचा हप्ता परवडत नाही. आणि मित्र सुचवतोय तो विमा नाहीच, दर आठवड्याच्या मुदतीवर लावलेली पैज आहे.

पतसंस्थेबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्याही, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. मराठवाड्यात गेल्या दोन-तीन वर्षांत कुलूप लागलेल्या पतसंस्थांच्या दारात रांगा लावून बसलेले ठेवीदार तुम्ही पाहिले असतील, कदाचित तुमच्या ओळखीतलेही असतील. एप्रिल २०२५ मध्ये राष्ट्रीयीकृत बँक सात टक्क्यांच्या आसपास देत असताना कुणी ११ देत असेल, तर वरचे चार टक्के कशाचे? शेअरची जोखीम रोज लाल अक्षरांत दिसते म्हणून ती भीती घालते. पतसंस्थेची दिसत नाही, म्हणून तिथे झोप लागते. आधी लागते.

जमिनीचंही काहीसं असंच आहे, आणि तुमचा सगळ्यात जड प्रश्न तोच होता. वडिलांची जमीन बुडवली का? वावराला रोज सकाळी सव्वानऊला भाव लागत नाही. लागला असता, तलाठ्याच्या कचेरीवर पाटी लावून मिनिटा-मिनिटाला एकराचा दर बदलला असता, तर तुमच्या वडिलांनाही झोप लागली नसती. पाऊस लांबला की खाली, रस्त्याची मोजणी आली की वर. त्यांनी तो आकडा कधी बघितला नाही, म्हणून जमीन 'स्थिर' वाटली. तुम्ही जमीन बुडवलेली नाही. १९ लाखांतले आज १५-१६ लाख शिल्लक आहेत. चूक झाली ती एकाच महिन्यात, एकाच प्रकारात, तारखा न बघता पैसे लावण्याची. महागात पडली, पण निस्तरता येण्यासारखी आहे.

पत्नीला सांगा. त्यांची परवानगी हवी म्हणून नाही. तुम्ही रात्री अकराला मोबाइल घेऊन गॅलरीत जाता हे त्यांना दिसत असणारच, आणि तुम्ही काय लपवताय याविषयी त्यांच्या मनात जे येत असेल ते साडेतीन लाखांच्या तोट्यापेक्षा नक्कीच वाईट असेल. सांगताना नुसता तोटा सांगू नका. एका कागदावर तारखा मांडा, प्रत्येकीपुढे रक्कम लिहा, पैसे कुठे असतील ते लिहा आणि तो कागद पुढे ठेवून बोला. घरखर्चाचा ३८ हजारांचा आकडा त्या खोडतील असा माझा अंदाज आहे. बहुतेक घरांत तो नवऱ्याला वाटतो त्याहून चार-पाच हजारांनी जास्त निघतो. मग सहा महिन्यांची रक्कमही बदला.

त्यानंतर कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या आत, फंडातून ५ लाख काढण्याची विनंती टाका, म्हणजे त्याच दिवसाची एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) लागते. पैसे दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत खात्यात येतील. त्यानंतरच्या आठवड्यात फंड आणखी चढला तर मेहुण्याचा फोन येईल. त्याला मुलीच्या प्रवेशाची तारीख सांगा.